लाळ मोजण्याची नोकरी

आधी माफी मागतो. या अंकात दरवर्षी ज्यांचे नोकरीतले अनुभव येतात, त्यांनी तीस-पस्तीस वर्षं सेवा केलेली असते. कुणी पोस्टमास्तर असतात, कुणी फौजदार, कुणी एस.टी.चे आगारप्रमुख. माझी नोकरी दोन वर्षं सात महिन्यांची, आणि आता तीही संपली. मी अजून विद्यार्थीच आहे. साताऱ्यात समाजकार्याचा अभ्यासक्रम शिकतोय. संपादकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी लावायचा तो मला लावला. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "लाळ मोजायचे ते तुम्हीच ना?" मी हो म्हणालो. "मग लिहा," म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ट्रॉलीतला ऊस जिथे पडतो तिथे, कामाला आहेत. आई चौथी शिकलेली. छापील पानावर लिहिणारे लोक वेगळे असतात, असं मला अजून मनातून वाटतं. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो. सजवून लिहायला गेलो तर माझंच हसं होईल.

आता कामाविषयी. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर झाला की पुष्कळदा रेडिएशन देतात. आमच्याकडे त्याला "लाईट घेणं" म्हणतात, कुणी "शेक" म्हणतात. त्या लाईटनं गाठ जळते, पण कानाखाली आणि जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी असतात, त्याही वाटेत सापडतात. गाठ जाते, रिपोर्ट चांगला येतो, घरचे पेढे वाटतात. आणि पेढा तोंडात घातल्यावर त्या माणसाला कळतं की तो खाली उतरत नाही. लाळच नाही. भाकरीचा तुकडा टाळूला चिकटून बसतो, बोलताना जीभ चटचट वाजते, रात्री पाण्यासाठी चार वेळा उठावं लागतं, तिखट तर जिभेला लावता येत नाही. काहींची लाळ वर्षा-दोन वर्षांत थोडी परत येते, काहींची येत नाही. दवाखान्याच्या कागदावर मात्र तो माणूस बरा झालेला असतो.

मी होतो तो दवाखाना सांगलीतला. तिथल्या एका डॉक्टर मॅडमना प्रश्न पडला होता, की बरे होऊन गेलेले हे लोक घरी जगतात कसे? तपासणीला आले की सगळे "बरं हाय" म्हणतात आणि दहा मिनिटांत एस.टी. पकडायला पळतात. म्हणून घरी जाऊन विचारणारा माणूस हवा होता. अटी दोनच होत्या, पदवी आणि मोटारसायकल. पदवी माझी होती, मोटारसायकल चुलतभावाची.

माझं काम दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन एक प्रश्नावली भरायची आणि लाळ मोजायची. मोजायची पद्धत अशी. माणसाला खुर्चीत ताठ बसवायचं, मान जराशी पुढे. एकदा गिळून घ्यायला सांगायचं. त्यानंतर पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. तोंडात जे जमेल ते हातातल्या कपात ओघळू द्यायचं. पाच मिनिटांनी ते रेघा मारलेल्या नळीत घ्यायचं आणि आकडा लिहायचा. धडधाकट माणसाची दीड-दोन मिली भरते. आमच्या लोकांची नळीच्या तळाला लागली तरी मी खूश व्हायचो.

लिहायला हे सोपं आहे. पण आमच्या भागात दारात अनोळखी गाडी थांबली की शेजारची चार माणसं आधी येऊन बसतात. त्यांच्यादेखत घरच्या कर्त्या माणसानं तोंड उघडं टाकून, कप धरून, पाच मिनिटं मुक्यासारखं बसायचं. शेजाऱ्यांना वाटायचं की ही परीक्षा आहे आणि आपला माणूस नापास होतोय. मग कुणी चिंच आणायचं, कुणी कैरी-मीठ समोर धरायचं. सांगलीच्या हळद बाजारात सौद्याला आवाज देणारे एक काका होते. त्यांची लाळ मोजायला मला चार फेऱ्या पडल्या. चौथ्या फेरीला साडेचार मिनिटं ते पुतळ्यासारखे बसले. तेवढ्यात फोन वाजला. आधी त्यांनी बोटांनी भाव सांगायचा प्रयत्न केला. बोटं फोनमधून दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर तोंडानं सांगितला, आणि जे काही जमलं होतं ते शर्टावर सांडलं. "शर्टाचं धरा," म्हणाले.

बाबांना कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर ते म्हणत, दवाखान्यात मोजमापाला आहे. कसलं मोजमाप हे ते सांगत नसत. गावात मात्र माझं नाव "थुकी मास्तर" पडलं होतंच.

सगळ्यांत मोठी गफलत कराडजवळच्या हौसाआजींच्या घरी झाली. पहिल्या खेपेला आजींची लाळ म्हणजे नळीत नुसती ओल. तीन महिन्यांनी गेलो तर कपात चार मिली. मी दोनदा मोजली. तिथूनच मॅडमना फोन केला. मॅडमही हरखल्या, आपण काहीतरी नवं पाहतोय असं त्यांना वाटलं असावं. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः गाडी घेऊन आल्या. त्यांच्यादेखत आजी पाच मिनिटं बसल्या आणि कप कोरडा. मॅडमनी हळूच विचारलं, आजी, मागच्या वेळी एवढी कशी आली? आजी जराही लाजल्या नाहीत.

"डेरीला दूध घालताना घालत्यात तेवढंच पानी घातलं बाई. पोरगं उनाचं आलं हुतं, रिकाम्या कपानं कसं लावून द्यायचं?"

मी पाणी प्यायला आत गेलो होतो, तेवढ्या वेळात त्यांनी माझी सोय केली होती. परतीच्या वाटेवर मॅडम आष्ट्यापर्यंत नुसती गाडी चालवत होत्या. नंतर एकदम हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. ती नोंद मी वहीत लाल पेनानं लिहिली होती.

प्रश्नावलीचं वेगळंच. ती परदेशात तयार झालेली, कुणीतरी मराठीत आणलेली. उत्तरं एक ते चार आकड्यांत. एक म्हणजे अजिबात त्रास नाही, चार म्हणजे फार त्रास. पहिलाच प्रश्न, कोरडी बिस्किटं खाताना त्रास होतो का? सगळे म्हणत, न्हाई. कारण आमच्याकडे बिस्किट चहात बुडवूनच खातात. कोरडं बिस्किट खाणारा माणूस कुणी पाहिलेला नाही. सगळ्यांना एक गुण. फोनवर बोलताना त्रास होतो का? "फोन सूनबाईच घेती." एक. चारचौघांत जेवायला संकोच वाटतो का? आष्ट्याच्या एका काकूंनी मलाच विचारलं, की आम्ही बायका चारचौघांत जेवतो कधी? सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढं बसतो. मी एक लिहिलं. कागद बघितला तर सांगली-साताऱ्यातले लोक जगात सगळ्यांत सुखी होते.

मी तेव्हाच मॅडमना सांगायला हवं होतं की प्रश्नच चुकलेत. पण मी बी.ए. झालेला मुलगा, आणि प्रश्न परदेशातले. कागद चुकत असेल असं मनातच आलं नाही. याचा फटका ज्यांना बसला, त्यांच्याविषयीच खरं तर मला लिहायचं आहे.

बाजीतात्या आष्ट्याजवळच्या एका खेड्यातले. फौजेत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त. टॉन्सिलजवळ गाठ झाली, लाईट घेतली, गाठ गेली. मी जायचो त्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्ची मांडून तयार असायचे. मी प्रश्न वाचायला सुरुवात केली की पुरा व्हायच्या आतच उत्तर यायचं, "एक." पुढचा. "एक." एकूण एक प्रश्नाला एक. लाळ मोजली तर शून्य, कपाला नुसता तंतू. एकदा मी भीत भीत म्हणालो, तात्या, थोडा तरी त्रास असेल. ते म्हणाले, फौजेत सिक रिपोर्टला जाणारा म्हणजे कामचुकार. बावीस वर्षांत ते एकदाच गेले, तेही कॅप्टनसाहेबांनी हुकूम केला म्हणून.

त्यांच्या खुर्चीशेजारी पाण्याचा तांब्या असायचा. प्रत्येक "एक" नंतर ते एक घोट घ्यायचे. फॉर्म संपेपर्यंत तांब्या संपायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी खाली मान घालून "एक" लिहीत होतो.

तोट्याची गोष्ट अशी, की लाळ सुटायची एक गोळी असते. ती सगळ्यांना चालत नाही आणि सगळ्यांना गुणही देत नाही. म्हणून मॅडम ज्यांच्या फॉर्मवर त्रास जास्त, त्यांना आधी बोलावून, तपासून, ती सुरू करत. तात्यांचा फॉर्म बघून त्या म्हणाल्या, या माणसानं किती छान जुळवून घेतलंय. तात्यांचं नाव यादीत आलं नाही.

तिसऱ्या खेपेला निघताना त्यांच्या बायको, मी त्यांना काकी म्हणायचो, तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं गाडीपर्यंत आल्या. हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. तात्या घरात जेवत नाहीत. ताट घेऊन गोठ्यात जातात आणि दार लोटून घेतात. दर घासाला पाणी लागतं, मध्येच ठसका लागून घास बाहेर येतो, ते कुणी बघू नये म्हणून. आणि आता मुलीचं लग्न ठरलंय, फलटणकडच्या घरात. तात्यांच्या गावची पद्धत अशी, की मानाच्या पंगतीत दोन्ही व्याही शेजारी बसतात आणि पहिला घास बरोबर घेतात; तो बुंदीचा असतो. त्याशिवाय बाकीची पंगत हात लावत नाही. तात्यांनी अजून सोयऱ्यांना आजाराचं काही सांगू दिलेलं नाही. व्याही दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा तात्यांनी "उपास हाय" म्हणून सांगितलं. एकदा तो मंगळवार होता, एकदा बुधवार.

"बुधवारी कसला उपास म्हनून त्येनी इचारलं," काकी म्हणाल्या. "तर हे म्हनले, गनपतीचाच, मागचा राहिलेला."

मी सांगलीला जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण फॉर्मवर पेशंट काय म्हणतो तेच लिहायचं, असा नियम आहे म्हणाल्या. पुढच्या वेळी नीट विचारून ये.

पुढची खेप ठरली तेव्हा मी आदल्या दिवशी काकींना फोन केला. त्या ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर दारात दोन जीपगाड्या आणि सोप्यात आठ-दहा पाहुणे. लग्नाची यादी करायला फलटणची मंडळी आली होती. काकी नंतर म्हणाल्या की सांगायचं ध्यानात राहिलं नाही. त्या काही विसरणाऱ्या नव्हत्या.

मी उंबऱ्यात, पाठीला पिशवी. तात्यांनी मला बघितलं आणि कुणी विचारायच्या आत सांगितलं, "डेरीचा पोरगा हाय. म्हशीच्या दुधाचं सँपल न्यायला आलाय."

आमच्या भागात ही चांगली थाप होती. वाईट एवढंच झालं, की व्याही, म्हणजे नाना, फलटणकडे वीस वर्षं गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. झुपकेदार मिशा, भरलेलं अंग, मोठा आवाज. त्यांनी मला शेजारीच बसवलं. इकडे फॅट किती लागते? आमच्या घरी एक म्हैस आहे, तेवढ्या जोरावर मी साडेसहा म्हणालो. एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घनभाग? नऊ. ते खूश झाले. म्हणाले, "दाव की तुजं सामान."

मला नाही म्हणता आलं नाही. पिशवीतून झाकणाचा कप निघाला, नळी निघाली, घड्याळ निघालं. नानांनी नळी उजेडाकडे धरली. एवढ्याशा नळीत दूध कसं मोजता, असं विचारलं. मी म्हणालो, नवीन पद्धत आहे. घड्याळ कशाला? मी म्हणालो, पाच मिनिटं थांबावं लागतं. हे खरंच होतं, म्हणून ठामपणे म्हणालो.

एवढ्यात पोहे आले. सगळ्यांपुढे बशा आल्या आणि तात्या म्हणाले की मला नको, उपास आहे. नाना जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी मुलाला हाक मारून जीपमधून पितळी डबा आणवला. व्याही इतके उपासाचे, म्हणून त्यांच्या मंडळींनी मुद्दाम राजगिऱ्याचे लाडू करून दिले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तोंडात लाळ नसलेल्या माणसाला द्यायची सगळ्यांत वाईट वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी राजगिऱ्याचा लाडू सांगेन. तो फुटला की हजार कोरडे दाणे होतात आणि हिरडीच्या प्रत्येक फटीत जातात.

नानांनी स्वतःच्या हातानं लाडू पुढे केला. उपासाला चालतो, त्यामुळे सबब उरली नव्हती. सगळे कौतुकानं बघत होते. तात्यांनी लाडू घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फौजी माणसासारखा अर्धा लाडू एका घासात घातला. तांब्या आत राहिला होता. त्यांचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. डोळ्यांत पाणी आलं. नाना म्हणाले, "कसा झालाय?" तात्यांनी मान डोलावली. ती बराच वेळ डोलत राहिली.

मी उठलो. आयुष्यात मोठ्या माणसांच्या बैठकीत मी आपण होऊन कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तात्या, सँपलची वेळ झाली. म्हशीकडं चला, न्हाईतर दूध नासंल."

दूध पाच मिनिटांत नासत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण तात्या झटकन उठले आणि माझ्या पुढे चालू लागले.

गोठ्यात गेल्यावर त्यांनी गव्हाणीवर हात टेकून सगळं बाहेर काढलं. मी बादलीतलं पाणी दिलं. चार वेळा चूळ भरली, मग पाणी प्यायले. म्हैस एकदा आमच्याकडे बघून परत वैरणीकडे वळली. तिला सवयीचं असावं. थोडा वेळ दम खाऊन तात्या म्हणाले, "फारम आनलायस?"

मी हो म्हणालो.

"काड."

गव्हाणीच्या कट्ट्यावर कागद ठेवून मी पहिला प्रश्न विचारला. बिस्किट म्हणालोच नाही, भाकरी म्हणालो. ते म्हणाले, चार. वाळू खाल्ल्यागत होतं. झोप? चार. चव? तीन, दुधाची कळते, बाकी सगळं पत्रा चाटल्यागत. मग म्हणाले, "आसं कर, समद्याला चार लिव."

मी म्हणालो, तात्या, तसं चालत नाही, एकेक सांगा. फोनवर बोलताना?

"फोनला दोन. मी उचलतच न्हाई."

शेवटी चारचौघांत जेवण्याचा प्रश्न आला. तात्या म्हशीच्या पाठीवरचं शेण नखानं खरवडत राहिले.

"वरीस झालं, मला जेवताना ह्या म्हशीबिगर कुनी बघितलं न्हाई. त्येचं काय न्हाई रं. पर मांडवात पैला घास नानांसंगं घ्यावा लागतोय. कोरड्या बुंदीचा. आन् त्यो जर भाईर आला, तर पोरगी जल्मभर ऐकंल की तुज्या बानं आमच्या पंगतीत घास थुकला."

मी चार लिहिलं. त्या कागदावरचा तो आकडा मी इतका दाबून लिहिला की मागच्या पानावर उठला. मग लाळ मोजली. खरी. शून्य.

सोप्यात परत आलो तर बैठक उठत होती. मी कप पिशवीत घालत होतो तेवढ्यात नाना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि माझ्या हातातल्या कपाकडे बघू लागले. नियमाप्रमाणे त्यावर फक्त नंबर असायला हवा. पण पूर्वी एकदा दोन नंबरांची अदलाबदल झाली होती, तेव्हापासून मी नावही लिहायचो. त्यांनी ते वाचलं. मग अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "म्हशीचं नाव बाजीराव हाय व्हय रं?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला, पिशवीची चेन स्वतः लावली आणि जीपकडे गेले. मी हे तात्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅडमनी तो फॉर्म आधीच्या तीन फॉर्मशेजारी ठेवून बघितला. मला वाटलं होतं तशा त्या रागावल्या नाहीत. आणखी कोण कोण फौजेतले आहेत, एवढंच विचारलं. शोधले तर पाच निघाले. पाचही जणांना सगळीकडे एक. पुढच्या महिन्यात त्यांनी बिस्किट काढून भाकरी घातली, घरच्या माणसाला विचारायचं वेगळं पान जोडलं, आणि बायकांसाठी "सगळ्यांचं झाल्यावर एकट्या जेवताना तरी घास उतरतो का" असा प्रश्न मलाच लिहायला लावला. माझं वाक्य छापलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा. सुखी लोकांची संख्या एकदम घटली.

तात्यांना गोळी सुरू झाली. तिचा एक गुण असा, की लाळेआधी घाम सुटतो. माघाच्या थंडीत तात्या बनियनवर बसलेले आणि काकी सूप घेऊन वारा घालतायत, असं मी बघितलं आहे. महिन्यानं लाळ मोजली तर अर्धा मिली. तात्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः उजेडाकडे धरून बघितली. मग काकींना हाक मारून दाखवली. अर्धा मिलीनं कोरडी बुंदी मात्र उतरत नाही. आहाराचं बघणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की घास ताकात, दुधात, पातळ वरणात भिजवून, कुस्करून घ्या. घरी ते तसं घेऊ लागले, गोठ्यातून स्वयंपाकघरापर्यंत आलेही. पण मांडवाचा विषय निघाला की ऐकत नसत. "हवालदारानं मानाच्या पंगतीत बारक्या पोरागत काला करून खायाचा?" म्हणायचे. आणि सोयऱ्यांना सांगायचंही नाहीच.

पत्रिका मला आली. नावापुढे "साहेब" लिहिलं होतं. आईनं ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. पण लग्नाच्या दिवशीच माझा साताऱ्याला प्रवेशपरीक्षेचा पेपर होता. मी पेपरला बसलो. दुपारी साडेबाराला, मुहूर्ताच्या सुमारास, मी तिसरा प्रश्न अर्धा सोडून घड्याळाकडे बघत होतो. त्याच महिन्यात मॅडमचं काम संपलं, माझी नोकरीही संपली. दवाखान्याचा फोन आणि वही परत केली. पेशंटचे नंबर स्वतःजवळ ठेवायचे नाहीत असा नियम होता आणि मी तो पाळला. खरं सांगायचं तर नंबर मिळवणं अवघड नव्हतं. पत्रिकेवरच होता. पण काय विचारणार? घास उतरला का? आणि नाही म्हणाले तर? दोनदा नंबर लावून मी रिंग जायच्या आत बंद केला. दोन वर्षं सात महिने लोकांना हेच प्रश्न विचारत फिरलो, आणि ज्याचं उत्तर मला हवं होतं तोच एक विचारायचं धाडस झालं नाही.

बातमी आली ती यंदा, उन्हाळ्यात, होस्टेलच्या मेसमध्ये. आमच्या खोलीत ओंकार नावाचा आष्ट्याकडचा एक मुलगा नव्यानं आलाय. तो चुलतबहिणीच्या लग्नाहून आला होता आणि जेवताना तक्रार करत होता. जेवणाचं सगळं चांगलं होतं, पण त्या गावात हल्ली नवीनच खूळ निघालंय म्हणाला. मानाच्या पंगतीत पहिला घास बुंदीचा असतो, तर त्या बुंदीवर आधी दूध ओततात. पानात, चांगलं वाटीभर. मग कुस्करायचं, पार लगदा करायचा आणि तसं खायचं. दोन्ही व्याह्यांनी आणि मागून सगळ्या पंगतीनं. नवीन शर्टाच्या बाह्या दुधात.

मी गावाचं नाव विचारलं. त्यानं तात्यांच्या गावाचं नाव सांगितलं.

हे कुणी सुरू केलं, असं मी विचारलं. ओंकार म्हणाला, नक्की माहीत नाही. मागं कुण्या हवालदाराच्या मुलीचं लग्न होतं, तिचा सासरा दुधाचे दोन कॅन जीपमधून घेऊन आला. पंगत बसल्यावर स्वतः उठला, आधी व्याह्याच्या पानात, मग आपल्या पानात दूध ओतलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला की आमच्या फलटणला पहिला घास असाच घेतात, आमची रीत तुम्हाला पाळावी लागेल. मुलाकडच्यांची रीत म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तेव्हापासून हे तिसरं लग्न. आता तर म्हातारी माणसंही सांगतात की पहिल्यापासून असंच आहे.

समोरच्या बाकावर फलटणचा एक मुलगा आमटी ओरपत होता. त्यानं वाटी खाली ठेवली.

"आमच्याकडं आसलं कायबी न्हाई," तो म्हणाला. "बुंदीवर दूध कोन ओततंय?"

दोघांची जुंपली. मी मध्येच ओंकारला विचारलं, त्या हवालदारांनी खाल्लं का?

"खाल्लं की," तो म्हणाला. "आन् वर भात मागून घेतला म्हनं."